दुखणं जुनं झालंय? आधी झोपेकडे बघा

“दुखायचं थांबलं की झोप येईलच,” असं गुडघेदुखी, कंबरदुखी वर्षानुवर्षं अंगावर काढणारे बहुतेक जण म्हणतात. दवाखान्यातही बोलणं होतं ते मणक्याचं, एक्स-रेचं, गोळ्यांचं. झोपेचा विषय निघालाच तर अगदी निघता निघता, दारात उभं राहून. माझं म्हणणं असं की झोपेला रांगेत शेवटी उभं करू नका. दुखणं पूर्ण आटोक्यात यायच्या आधीसुद्धा झोप सुधारता येते, आणि ती सुधारली की तेच दुखणं सोसायला नि हाताळायला सोपं जातं.

तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा परत परत उलटणाऱ्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. गुडघ्यांची झीज, रूमॅटॉइड संधिवात, कंबरदुखी, फायब्रोमायल्जिया, मधुमेहामुळे तळपायांची होणारी आग हे सगळं त्यात येतं. चिकुनगुनिया होऊन गेल्यावर काहींचे सांधे कित्येक महिने धरलेले राहतात, तेही यातच मोडतं. २००६ पासून महाराष्ट्राने या तापाच्या साथी पाहिल्यात, त्यामुळे असं एखादं माणूस बहुतेकांच्या ओळखीत असतं. खालच्या पायऱ्या या सगळ्यांना लागू पडतात.

झोपेचा दुखण्याशी संबंध काय?

दुखण्यामुळे झोप मोडते हे कुणाला सांगायला नको. उलट दिशेने काय होतं ते कमी जणांना माहीत असतं. १९७५ साली टोरांटोमध्ये हार्वी मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना रात्री गाढ झोपेत शिरू दिलं नाही. गाढ झोप लागायला लागली की आवाज करून ती मोडायची. काही रात्रींतच या धडधाकट मुलांचं अंग दुखायला लागलं, स्नायू दाबले तर कळ येऊ लागली. पुरेशी झोप मिळाल्यावर ते थांबलं.

२००७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला एक प्रयोग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. निरोगी स्त्रियांच्या एका गटाला रात्रभर मधूनमधून उठवलं. दुसऱ्या गटाला उशिरा झोपवलं, पण एकसलग झोपू दिलं. दोन्ही गटांच्या झोपेचे एकूण तास जवळपास सारखेच ठेवले होते. तरी शरीराची वेदना आपोआप दाबून धरण्याची जी व्यवस्था असते, ती तुकड्यातुकड्याने झोपलेल्या स्त्रियांमध्ये कमकुवत झाली. २०१९ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी मेंदूची चित्रं घेतली तेव्हा दिसलं की रात्रभर जागरण झालं की वेदना जाणवणारा भाग जास्त चेकाळतो आणि तिला आवर घालण्यात भाग घेणारी केंद्रं मंदावतात.

म्हणजे आपल्याला हवी आहे सलग झोप. नऊ तास अंथरुणात पडून तुकड्यातुकड्याने पाच-साडेपाच तास डोळा लागण्यापेक्षा सहा तासांची अखंड झोप दुखण्याला जास्त मानवते. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आणखी एक आधीच सांगतो. झोप सुधारली की दुखणं मुळापासून जाईल असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. अशा उपायांनी झोपेत फरक लवकर आणि ठळक पडतो. दुखण्यात तो हळू आणि थोडा पडतो. पण रोज दुखणाऱ्या माणसाला तो ‘थोडा’ किती मोलाचा असतो हे त्यालाच ठाऊक.

पहिली पायरी: दोन आठवडे लिहून काढा

एक साधी वही घ्या. सकाळी चहा घेताना पाच गोष्टी अंदाजाने लिहा: अंथरुणावर कधी पडलात, डोळा साधारण कधी लागला, किती वेळा जाग आली, शेवटची जाग कधी आली आणि अंथरूण कधी सोडलं. शेजारी शून्य ते दहा यांतला दुखण्याचा आकडा टाका, सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. जाग कशाने आली हेही लिहा, कारण कळ आल्याने, लघवीला लागल्याने, घोरण्याने गुदमरून आणि काहीच कारण नसताना येणारी जाग या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. रात्री घड्याळ बघू नका, अंदाज पुरेसा आहे. मनगटी बँडच्या आकड्यांवरही फार विसंबू नका. गाढ झोप किती झाली याचा ते फक्त अंदाज बांधतात, आणि आकडा वाईट आला की माणूस दिवसभर त्याच काळजीत राहतो.

दुसरी पायरी: झोपेचा चोर दुसराच तर नाही ना?

दुखण्यावर सगळं खापर फोडण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या.

मोठ्याने घोरणं, झोपेत मध्येच श्वास अडकणं, सकाळी डोकं जड आणि दिवसा पेंग, हे असेल तर स्लीप अॅप्निया असू शकतो. जाडी, जाड मान, उच्च रक्तदाब असेल तर शक्यता वाढते. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, कारण तुम्हाला स्वतःला हे कळणार नाही. डॉक्टर स्लीप स्टडी करायला सांगतील. हे निदान झाल्याशिवाय झोपेच्या गोळ्या सुरू करणं धोक्याचं आहे.

रात्री आडवं झालं की पोटऱ्यांत विचित्र वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि चाललं की बरं वाटतं, अशी तक्रार आपल्याकडे बायकांमध्ये खूप असते. घरात मात्र ‘पाय वळतात’ एवढ्यावर ती संपते आणि पाय चेपून घेतले जातात. हे रेस्टलेस लेग्ज असू शकतं आणि त्याच्या मुळाशी अनेकदा लोहाची कमतरता असते. नुसतं हिमोग्लोबिन बघून चालत नाही. फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी करून घ्या. या त्रासात फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं? मनगटातली नस दाबली जात असेल. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावल्याने पुष्कळांची झोप सुधारते.

दुखण्याची वेळही खूप काही सांगते. झिजेचं दुखणं दिवसभर वापर झाला की वाढतं आणि सकाळचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तरुण वयात कंबर पहाटे दोन-तीननंतर दुखून जाग येत असेल, उठून फिरलं की मोकळी होत असेल आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असेल, तर ते मणक्याच्या सुजेचं दुखणं असू शकतं. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ गाठा. तिथे गादी बदलून काही होणार नाही.

आणि हे असेल तर थांबू नका: रात्रीच्या दुखण्यासोबत ताप, रात्री घाम, वजन घटणं, पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं. मणक्याचा टीबी आपल्याकडे आजही सापडतो आणि तो सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो. पायातली ताकद किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

तिसरी पायरी: अंथरूण

“कंबर दुखते? मग जमिनीवर झोप, फळीवर झोप,” हा सल्ला घरोघरी मिळतो. २००३ मध्ये स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर याची परीक्षा झाली. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. त्यामुळे खड्डा पडलेली, गोळे झालेली गादी बदला किंवा कापसाची असेल तर पिंजून घ्या, पण शिक्षा दिल्यासारखं फरशीवर झोपू नका. गुडघे दुखणाऱ्यांना तर जमिनीवरून उठणं हेच रात्रीचं सगळ्यांत अवघड काम असतं. पलंग किंवा उंच दिवाण बरा. महागडी ‘ऑर्थोपेडिक’ गादी हप्त्याने घेण्याचीही गरज नाही.

कुशीवर झोपणाऱ्यांनी दोन गुडघ्यांमध्ये लोड किंवा गुंडाळलेली चादर ठेवावी, कंबर पिळली जात नाही. उताणं झोपणाऱ्यांनी कंबरेसाठी गुडघ्यांखाली उशी घ्यावी. गुडघ्यांची झीज असलेल्यांनी मात्र ही सवय रात्रभरासाठी, महिनोन्महिने लावून घेऊ नये, कारण गुडघा वाकलेलाच आखडू शकतो. खांदा दुखत असेल तर दुखऱ्या बाजूचा हात छातीशी उशी कवटाळून त्यावर ठेवा. मानेला एकच उशी, खांदा आणि कान यांमधलं अंतर भरेल एवढी.

चौथी पायरी: उठायची वेळ बांधा, अंथरुणातला वेळ आवळा

ही पायरी सगळ्यांत परिणामकारक आहे आणि सुरुवातीला सगळ्यांत नकोशी वाटते. दुखणाऱ्या माणसाला पाठ टेकली की बरं वाटतं. म्हणून तो दुपारी आडवा होतो, जेवण झालं की आडवा होतो, रात्री नऊ वाजताच पडतो. तास वाढतात, झोप मात्र पातळ होत जाते, आणि मेंदूची ‘अंथरूण म्हणजे तळमळणं’ अशी सवय बनते. ही गाठ सोडवण्याच्या पद्धतीचा पाया रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये घातला आणि आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये त्यात अंथरुणातला वेळ कमी करण्याची पद्धत आणली. आज हे सगळं निद्रानाशासाठीच्या सीबीटी-आय या, विचार आणि सवयी बदलण्यावर आधारलेल्या उपचाराचा भाग आहे. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने मोठ्या माणसांच्या जुन्या निद्रानाशावर गोळ्यांआधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली.

हिशोब वहीतूनच होतो. समजा तुम्ही रात्री साडेनऊला पडता आणि साडेसहाला उठता, म्हणजे नऊ तास, आणि झोप सरासरी साडेपाच तास लागते. साडेपाच भागिले नऊ गुणिले शंभर, म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी सुमारे ६१ टक्के वेळच झोप लागते. आपल्याला ८५ च्या आसपास जायचं आहे.

आधी उठायची वेळ ठरवा. नळाला पाणी साडेपाचला येत असेल, डबे करायचे असतील, तर साडेपाचच धरा, रविवारीही तीच. मग झोपायची वेळ मागून मोजा. पूर्ण पद्धतीत थेट साडेपाच-सहा तासांवर आणतात. जुनं दुखणं असलेल्यांनी घरच्या घरी करताना मी हळू वाटेने जायला सांगेन: दर आठवड्याला अर्धा तास उशिरा पडा. पहिल्या आठवड्यात अंथरुणावर दहाच्या आधी जायचं नाही, पुढच्या आठवड्यात साडेदहा. सरासरी ८५ टक्क्यांच्या पुढे गेली की तिथे थांबा. मग दिवसा पेंग येत असेल तर पंधरा-पंधरा मिनिटं परत वाढवा. साडेपाच तासांच्या खाली कधीच जाऊ नका.

पहिले दहा-बारा दिवस थकवा वाढेल, कदाचित दुखणंही थोडं वाढेल. ते अपेक्षित आहे. पण फिट येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असणाऱ्यांनी, उपचार न घेतलेला स्लीप अॅप्निया असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी, तोल जाऊन पडण्याची भीती असलेल्या ज्येष्ठांनी आणि ट्रक-रिक्षा-यंत्र चालवणाऱ्यांनी ही पायरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

दिवसा पाठ टेकायची गरज खरीच असेल तर टेका, पण रात्रीच्या अंथरुणावर नको. हॉलमध्ये चटई टाका, आरामखुर्चीत बसा, वीस मिनिटांचा गजर लावा. वामकुक्षी सोडायलाच हवी असं नाही. तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत उरकली तर रात्रीच्या झोपेला धक्का लागत नाही.

पाचवी पायरी: रात्री दोनला जाग आली तर

झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा, असं इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं. एका खोलीत पाच माणसं झोपत असतील तर दुसरी खोली आणायची कुठून? मतलब जागा सोडण्याशी आहे. अंथरूण सोडून दाराजवळच्या खुर्चीत किंवा भिंतीला टेकून बसा, मंद दिवा ठेवा. त्या वेळेसाठी एक ठरलेलं, कंटाळवाणं म्हणावं असं काम असू द्या: जपमाळ, लसूण सोलणं, विणकाम, जुना दिवाळी अंक. मोबाईल नको. डोळे मिटायला लागले की परत अंथरुणावर.

कळ आल्याने जाग आली असेल तर आधी कळ बघा. कूस बदला, सांधा दोन मिनिटं हलक्या हाताने हलवा, गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग बाजूला काढा; ती घेऊन झोपी जाऊ नका. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर पिशवी पायांना लावूच नका, भाजलेलं कळत नाही. पिशवी आणि पाण्याची बाटली रात्रीच हाताशी ठेवली म्हणजे स्वयंपाकघरात लाइट लावून अख्खं घर जागं करावं लागत नाही.

त्या वेळी मनात येतंच: ‘आता उद्याचा दिवस गेला.’ एक वाईट रात्र शरीर भरून काढतं. दुसऱ्या रात्री झोपेची भूक वाढलेली असते आणि झोप जास्त गाढ लागते. फक्त सकाळी उशिरापर्यंत लोळून ती भूक मारायची नाही.

सहावी पायरी: रात्र दिवसा तयार होते

सकाळी अर्धा तास उघड्यावर, उन्हात चाला. शरीराचं घड्याळ उजेडाने लागतं. व्यायाम दुखण्याच्या बेताने करा. बरं वाटतंय त्या दिवशी सगळी साफसफाई उरकायची आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचं, हा प्रकार झोप आणि सांधे दोन्ही बिघडवतो. रोज थोडं आणि सारखं, हेच बरं.

शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी पाचच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री दहालाही अंगात असतं. दुपारी तीननंतर चहा-कॉफी थांबवून दोन आठवडे बघा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, वेष्टन वाचा. तंबाखू आणि मिश्री यांतलं निकोटीन मेंदूला जागं ठेवतं. रात्री दातांना मिश्री लावून झोपणाऱ्या बायकांनी हे विशेष लक्षात घ्यावं. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तिचे तुकडे होतात, आणि वेदनेच्या गोळ्यांसोबत ती घातक ठरते.

झोपायच्या एक-दोन तास आधी गरम पाण्याने दहा मिनिटं अंघोळ करा. अंग आधी तापतं, मग निवू लागतं, आणि त्या निवण्यात झोप लवकर लागते. आखडलेले सांधेही सुटतात.

सातवी पायरी: औषधांच्या वेळा विचारून घ्या

स्वतःहून काही बदलू नका, पण डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारा. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड सकाळी नाश्त्यासोबत घेता येईल का? संध्याकाळी घेतलं तर ते झोप उडवतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेता येईल का? ड्युलोक्सेटिन रात्री घेतल्याने झोप जात असेल तर वेळ बदलता येईल का? अॅमिट्रिप्टिलिनमुळे सकाळी सुस्ती राहत असेल तर ती थोडी लवकर घेता येईल का? हे नाव इंटरनेटवर शोधून ‘डॉक्टरांनी मला डिप्रेशनचं औषध दिलं’ म्हणून घाबरणारे खूप आहेत; नसांच्या दुखण्यासाठी आणि झोपेसाठी ते कमी मात्रेत देतात. मात्र प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि त्या ट्रॅमाडॉल या वेदनेच्या गोळीसोबत घेतल्या तर श्वास मंदावू शकतो. रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा. आणि ‘सांधेदुखीची जादूची पुडी’ कुणी दिली, जिने दोन दिवसांत दुखणंही गेलं आणि झोपही उडाली, तर तिच्यात न सांगता मिसळलेलं स्टेरॉइड असू शकतं. बरेच दिवस घेत असाल तर ती अचानक न सोडता डॉक्टरांकडे घेऊन जा.

दुखणं उसळलं तर

पावसाळ्यात, लग्नसराईच्या दगदगीनंतर किंवा काहीच कारण नसताना दुखणं उसळेल आणि झोपेची घडी विस्कटेल. त्या दिवसांत झोपायची वेळ पुढे-मागे झाली तर होऊ द्या, दुपारी थोडं जास्त पडा, पण उठायची वेळ धरून ठेवा. उसळी ओसरली की वही परत काढा आणि त्या आठवड्याच्या सरासरीवरून पुन्हा सुरू करा, अगदी पहिल्यापासून सगळं करायची गरज नाही.

उदास वाटणं, कशातच मन न लागणं, जगणं नकोसं वाटणं हे झोप आणि दुखण्याच्या जोडीला वरचेवर येतं. तसं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. आणि सहा-आठ आठवडे हे सगळं नेमाने करूनही झोपेची सरासरी ८० टक्क्यांच्या खालीच राहिली, तर ती वही घेऊन सीबीटी-आय करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा पेन क्लिनिकमध्ये जा. दोन-अडीच महिन्यांच्या नोंदी समोर असल्या की त्यांना पहिल्याच भेटीत नेमकं कुठे हात घालायचा ते कळतं.